सत्तावन्न किलोचा केसरी

आमच्या थोरल्या भावाचा, म्हणजे अण्णांचा नातू, कुस्तीच्या जिल्हा निवड चाचणीत ५७ किलो गटात पहिला आला. दिंडोरीत आम्ही राहतो त्या गल्लीत ही बातमी पोचायला अर्धा तासही लागला नाही. ओट्यावर चहा झाला, पेढे झाले. आणि मग शेजारच्या काकांनी, अगदी कौतुकानेच, विचारले, "मग पैलवान, महाराष्ट्र केसरी कधी होणार?"

पोरगे नुसते हसले. त्याचे वडील, म्हणजे माझा पुतण्या, लगेच म्हणाला, "होईल की! अजून खुराक वाढवतो. दोन-तीन वर्षांत वजन येईल अंगावर." कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेले अण्णा तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत राहिले.

काकांचा प्रश्न साधा होता, पण त्याचे खरे उत्तर ऐकून गल्लीची निराशा झाली असती. ५७ किलोचा मल्ल महाराष्ट्र केसरी होत नाही. तो कितीही चपळ असो, वर्षभरात एकही कुस्ती हरलेला नसो, ती गदा त्याच्या खांद्यावर येत नाही. अलीकडच्या काळात केसरी गट म्हणजे ८६ ते १२५ किलो. त्या गटात मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता यांची शेवटची लढत होते आणि जिंकेल तो केसरी. त्याच अधिवेशनात ५७, ६१, ६५, ७० असे खालचे गटही खेळले जातात, माती आणि गादी दोन्हींवर. त्यांचेही पहिले क्रमांक निघतात, पदके मिळतात. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो एकाचाच असतो.

वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावे. पहिला महाराष्ट्र केसरी कोण, असे विचारले तर जुनी माणसे क्षणात सांगतील: १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी. दादू चौगुले दोनदा झाले, नरसिंग यादवने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे गदा पटकावली, मग विजय चौधरीने २०१४ ते २०१६ अशी तीन वर्षे. आमच्या नाशिककरांना २०२० ची जानेवारी आठवते. पुण्याच्या बालेवाडीत नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवले. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. कुस्ती संपली तसे हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतले. ते दृश्य पाहून आमच्या घरात टीव्हीसमोर बायकामाणसांचेही डोळे भरून आले होते. पण त्याच वर्षी ५७ किलोत पहिला कोण आला? कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

हे असे का, याचे उत्तर आपल्या जत्रांत आहे. आमच्या तालुक्यात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड ठरलेला. सकाळी पालखी, दुपारी उन्हं कलली की हलगी कडाडू लागते आणि माणसे मैदानाभोवती गोल करून बसतात. पहिल्यांदा रेवड्यांवरच्या कुस्त्या. सात-आठ वर्षांची पोरे लंगोट सावरत एकमेकांना भिडतात. मग नारळ, मग दहा-वीस रुपये, मग शंभर-पाचशे, आणि अंधार पडता पडता शेवटची मानाची कुस्ती. येथे वजनकाटा नसतो. पंच दोन पोरांना शेजारी उभे करतात, दंड चाचपतात, डोळ्यांनी अंदाज घेतात आणि जोड लावतात. या सगळ्या मांडणीचा अर्थ प्रेक्षकाच्या मनात आपोआप ठसतो: जितका पैलवान मोठा, तितकी कुस्ती मोठी आणि तितके इनाम मोठे. हलक्या अंगाची कुस्ती म्हणजे मुख्य जेवणाआधीची कोशिंबीर!

अण्णांनी ही कोशिंबीर दहा-बारा वर्षे खाल्ली. सत्तरच्या दशकात ते ५२ किलोत खेळत. पट काढण्यात त्यांचा हात धरणारा आसपास नव्हता असे त्यांच्या बरोबरीचे लोक अजून सांगतात. जत्रेत अंदाजाने लावलेल्या जोडीत कितीदा तरी त्यांच्यापुढे दहा किलोंनी जड गडी आला आणि कितीदा तरी त्यांनी त्याला चीतपट केला. पण आमच्या वडिलांनी त्यांना कधी 'पैलवान' म्हटले नाही. पाहुण्यांपुढे ओळख करून देताना म्हणायचे, "हा आमचा थोरला. कुस्ती खेळतो, पण अंगात काही नाही." पुढे द्राक्षबाग आली, कर्ज आले, लग्न झाले, आणि लंगोट खुंटीला गेला. अण्णांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मात्र घरात कुणी त्यांच्या कुस्तीचा विषय काढला की ते उठून बागेत जात.

आता गंमत पाहा. ज्या हलक्या वजनाला आपण जत्रेत दुपारच्या उन्हात उरकून टाकतो, त्याच वजनाने या देशाला ऑलिंपिकचे पदक दिले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात उतरले आणि सहावे आले. तोवर मातीत खेळलेल्या या मल्लाला गादीची सवय नव्हती. चार वर्षे त्यांनी मेहनत घेतली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोत उतरले. प्रवासाच्या पैशांसाठी त्यांना गावोगाव हात पसरावा लागला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी लढत झाली, आणि पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव्हपुढे उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पण पुढे पोलीस खात्यातली नोकरी करत हा माणूस जगला, १९८४ साली अपघातात गेला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

खाशाबांनंतर कुस्तीतले पुढचे पदक यायला ५६ वर्षे लागली. २००८ मध्ये बीजिंगला सुशीलकुमार, ६६ किलो, कांस्य. २०१२ मध्ये लंडनला पुन्हा सुशील, रौप्य, आणि योगेश्वर दत्त, ६० किलो, कांस्य. २०१६ मध्ये रिओला साक्षी मलिक, ५८ किलो. टोकिओत रवी दहिया, ५७ किलो, रौप्य; बजरंग पुनिया, ६५ किलो, कांस्य. २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावत, पुन्हा ५७ किलो, कांस्य. आठ पदके झाली. ६६ किलोंच्या वरचे त्यांत एकही नाही, आणि आठांपैकी तीन एकट्या ५७ किलोची!

म्हणजे जड पैलवान कमी प्रतीचे असे नव्हे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या आपल्या दोन्ही हिंदकेसरींनी वजनदार गटांतच सुवर्ण आणले होते. पण ऑलिंपिकच्या काट्यावर आपली माती हलक्या अंगालाच अधिक फळली, हा हिशेब डोळ्यांआड करून चालणार नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेचे उदाहरण ताजे आहे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. जगात तिसरा आलेला हा बीडचा मल्ल महाराष्ट्र केसरी मात्र कधी झाला नाही.

जपानकडे पाहिले की वाटते, त्यांनी ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. त्यांचा परंपरेचा खेळ सुमो. व्यावसायिक सुमोत वजनाचे गट नाहीत, आपल्या जत्रेसारखेच. पण १९८० च्या दशकात सातोरू सायामा या कुस्तीगिराने शूटो नावाचा संमिश्र लढतींचा खेळ उभा केला. ठोसे, लाथा, पकडी सगळे त्यात. पुढे १९९३ मध्ये पँक्रेस आले, १९९७ मध्ये प्राइड. या मंडळींनी वजनाच्या गटागटाला स्वतंत्र विजेतेपद आणि स्वतंत्र पट्टा दिला. ७३ किलोचा ताकानोरी गोमी प्राइडचा हलक्या गटातला विजेता झाला तेव्हा तिथल्या तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले. आणि वजनाचा धाक किती पोकळ असतो हे २००४ च्या शेवटच्या रात्री ओसाकात दिसले. सुमोचा माजी योकोझुना अकेबोनो, वजन २०० किलोंच्या वर, आणि समोर ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, जेमतेम ८० किलोंचा. ग्रेसीने खाली पडूनच त्याचा हात असा धरला की पहिल्याच फेरीत त्या डोंगराने हार मानली.

तरीही वजनाचे गट हवेतच. रोज जड गड्यापुढे हलका उभा केला तर त्याची मान मोडेल. पण गटांचा काटाही निर्दय असतो. पॅरिसमध्ये विनेश फोगट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली आणि त्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. अमनने कांस्यपदकाच्या लढतीआधी एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवले. आमच्या घरच्या पोराने चाचणीच्या आदल्या दिवशी पाण्याचा घोट घेतला नाही. स्वेटर घालून भर उन्हात धावून आला, आणि त्याची आजी पदराने डोळे पुसत म्हणाली, "घरात दूधदुभतं असताना पोर उपाशी! हा कसला खेळ रे बाबा?"

तिच्या प्रश्नाला उत्तर नाही. पण उपास सोसायचाच तर तो कशासाठी, हे तरी घरच्यांना ठाऊक असावे. पुतण्याला वाटते, बारावीनंतर पोराला पुण्याच्या तालमीत ठेवावे, बदाम-तूप वाढवावे आणि ८६ किलोंच्या पुढे न्यावे, कारण गदा तेथे आहे, नाव तेथे आहे, अलीकडे गदेबरोबर चारचाकी गाडीही मिळते. बाप म्हणून त्याचे चुकत नाही. द्राक्षाचा एखादा हंगाम हातचा जातो तेव्हा खुराकाचा खर्च कोठून काढायचा, हे त्यालाच माहीत.

त्या रात्री जेवणे झाल्यावर पुन्हा हाच विषय निघाला. या वेळी अण्णा उठून बागेत गेले नाहीत. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक त्यांनी खाली काढायला लावली. फेट्याखाली एक पिवळे पडलेले प्रमाणपत्र होते. ते त्यांनी नातवाच्या हातात दिले आणि म्हणाले, "वाच." पोराने नाव वाचले, साल वाचले. "पुढं वाच." पोर वाचू लागले, "वजन गट ५२ किलो, प्रथम क्रमांक."

"एवढं वाक्य या घरात आजवर कोणी मोठ्यानं वाचलं नव्हतं," अण्णा म्हणाले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "याची हाडं माझी आहेत. ओढूनताणून तीस किलो चढवशील तर पाय जागचे हलायचे नाहीत. तालमीत ठेव, खुराक दे. पण सत्तावन्नचाच ठेव."

पुतण्या काही बोलला नाही. प्रश्न मिटला असेही मी म्हणणार नाही. पण सकाळी पाहिले तर ते प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत, देवांच्या तसबिरींशेजारी, खिळ्याला टांगलेले होते. कोणी टांगले ते मी विचारले नाही.

येत्या यात्रेत तुम्ही फडाला गेलात तर एवढेच करा. दुपारच्या उन्हात हलक्या पोरांच्या कुस्त्या चालू असतात, तेव्हा चहाच्या गाडीवर उभे राहू नका. पुढे जाऊन बसा. आणि जिंकलेल्या पोराला नाव विचाराल तेव्हा वजनही विचारा.