माळरानावरील पक्ष्यांसाठीं हलकी बंदूक : निवडीचें तत्त्व व कागदपत्रांतील खुणा

जुन्या दफ्तरांतून राजकीय पत्रें व वतनी कागद निवडून घ्यावे आणि घरगुती टिपणें रद्दींत टाकावीं, अशी आपणां संग्राहकांची संवय आहे. ह्या संवयीपायीं झालेली एक चूक प्रथमच कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं जळगांव जिल्ह्यांतील एका जुन्या घराण्याचें दफ्तर लावीत असतां मला एक चिटोरें सांपडलें. त्यावर ‘नं. ६ — ५०, नं. ८ — २००’ एवढीच नोंद होती. सर्व्हे नंबरांचें टिपण समजून मीं तें शेतसाऱ्याच्या कागदांत बांधून ठेविलें. पुढें एका वयोवृद्ध शिकारी गृहस्थांनीं तें पाहिलें व ते हंसून म्हणाले, “गुरुजी, हे शेतांचे नंबर नव्हेत, छऱ्यांचे आहेत. पन्नास काडतुसें तितरांसाठीं आणि दोनशें लाव्यांसाठीं.” वर्षभर ज्या कागदास मी जमिनीचा समजत होतों, तो एका हिंवाळ्याच्या शिकारीचा हिशेब निघाला.

माळावरील पक्ष्यांसाठीं हलकी बंदूक कोणत्या तत्त्वावर निवडीत, हें समजल्यावांचून अशा नोंदी वाचतां येत नाहींत. तें तत्त्व थोडक्यांत सांगणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. शिकारीस उत्तेजन देणें हा नव्हे. तो मार्ग कायद्यानें बंद झाला आहे व तें योग्यच झालें.

(१) पक्षी व भूमि. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, २७ व्या अध्यायांत, मांसवर्गाचे विभाग पाडितांना लाव, कपिंजल इत्यादि पक्ष्यांचा ‘विष्किर’ असा वर्ग केला आहे. विष्किर म्हणजे पायांनीं व चोंचीनें जमीन उकरून, विखरून खाणारा. इंग्रज शिकारी ज्यांस रानमाळावरचे पक्षी म्हणत, त्यांस ह्याहून नेमका शब्द मिळणें कठीण. खानदेशांत तितर व लावा हे ह्या वर्गाचे मुख्य प्रतिनिधि. उघड्या माळावर त्यांच्या जोडीस पखुर्डी असे. तापी, गिरणा व पांझरा ह्या नद्यांकांठचीं कापूस-ज्वारीचीं काळीं रानें, उत्तरेस सातपुड्याचा पायथा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराची ओळ आणि साक्रीकडील उघडे माळ, हें त्यांचें क्षेत्र. तितर किंवा लावा शेवटच्या क्षणापर्यंत गवतांत दबून बसतो व अगदीं जवळून फुर्रकन उठतो. पंधरा ते तीस यार्डांच्या टप्प्यांत, दोन-तीन सेकंदांतच काय तो निर्णय व्हावयाचा. शिवाय शिकाऱ्यास सकाळपासून काळ्या ढेंकळांतून कोसच्या कोस चालावें लागे. निवडीचें सारें शास्त्र ह्या दोन गोष्टींतून निघालें आहे : बंदूक चटकन् खांद्यास लागली पाहिजे, आणि दिवसभर हातांत वागविली तरी ती जड होतां कामा नये.

(२) साधनाचा विवेक. पक्षी पाहून साधन निवडावें हा विचार बंदुकीबरोबर आलेला नाहीं. चालुक्यराज तिसरा सोमेश्वर ह्याच्या १२ व्या शतकांतील मानसोल्लासांत श्येनविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. कूर्माचलाच्या रुद्रदेवाचें श्यैनिकशास्त्र तर ह्याच विषयास वाहिलेलें असून, तें हरप्रसाद शास्त्री ह्यांनीं संपादून १९१० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. त्यांत ससाण्यांचे प्रकार, पोषण, शिक्षण व चिकित्सा ह्यांचा विचार आहे. उलटपक्षीं शुक्रनीतींत बृहत् व क्षुद्र अशा दोन नालिकांचें वर्णन येतें. क्षुद्र नालिका पांच विती लांबीची व तिच्या मुळाशीं आणि अग्राशीं नेमासाठीं तिलबिंदु, असें तेथें सांगितलें आहे. ह्या ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे व हें वर्णन अर्वाचीन असल्याचें अनेक विद्वान मानितात. आपल्या विषयापुरतें इतकेंच लक्षांत घ्यावें कीं, दोन बिंदु जुळवून नेम धरणें हें स्थिर लक्ष्याचें काम. उडत्या पक्ष्यावरच्या बंदुकीस नळीच्या टोंकाशीं एकच मणी असतो; मागला बिंदु म्हणजे नेमबाजाचा डोळाच. म्हणून तिचा कुंदा ज्याच्या त्याच्या बांध्यास जुळावा लागतो.

(३) बोर. कागदांत ‘१२ बोर’, ‘१६ बोर’, ‘२० बोर’ असे शब्द येतात. हे आंकडे इंचांचे नव्हेत. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे जितके गोळे पाडिले असतां एकेक गोळा नळींत नेमका बसेल, तितका त्या नळीचा बोर. म्हणून आंकडा वाढला कीं नळी अरुंद होते. १२ बोरची नळी .७२९ इंच, तर २० बोरची .६१५ इंच. ‘४१०’ ह्या नांवाची बारीक बंदूक मात्र अपवाद असून तिचा आंकडा इंचाच्या सहस्रांशांचा आहे.

(४) छरा. छऱ्याचा नंबरही असाच उलटा चालतो. नंबर वाढला कीं दाणा बारीक होतो. इंग्रजी मापानें नं. ४ चे एका औंसांत १७०, नं. ६ चे २७० व नं. ८ चे ४५० दाणे बसतात. अमेरिकन माप किंचित् भिन्न आहे. लाव्यास नं. ८, तितर व पखुर्डीस नं. ६ किंवा ७, मोठ्या बदकास नं. ४, असा सामान्य प्रघात होता. ‘एल्. जी.’ व ‘एस्. जी.’ हीं अक्षरें दिसल्यास तो पक्ष्यांचा हिशेब नव्हे. त्या काडतुसांत औंसास सहा-आठच गोळे असून तीं डुकरासारख्या जनावरांसाठीं होत. ठासणीच्या बंदुकीच्या काळांतील टिपणांत छरा तोळ्यांत मोजिलेला असल्यास एक औंस म्हणजे अडीच तोळ्यांस किंचित् कमी, असें धरावें.

(५) वजन. हलकी बंदूक म्हणजे किती हलकी? ह्यास बर्मिंगहॅमचे प्रसिद्ध बंदूककार ग्रीनर ह्यांच्या नांवानें चालत आलेला एक नियम आहे : बंदुकीचें वजन छऱ्याच्या वजनाच्या ९६ पट असावें. एक औंस छऱ्यास सहा पौंड, सव्वा औंसास साडेसात पौंड व पाऊण औंसास साडेचार पौंड. ह्याहून हलक्या बंदुकीचा धक्का खांद्यास बसतो आणि दुसरा बार चुकतो. ह्याहून जड असली तर तिसऱ्या प्रहरीं हात उशीरां उठतो. म्हणजे हलकेपणा हा बंदुकीचा स्वतंत्र गुण नसून भाराशीं असलेलें तें एक प्रमाण आहे. लाव्यास पाऊण औंस पुरे होतो, म्हणून २० बोरची साडेपांच पौंडांची बंदूक त्यास शोभते. १२ बोरची दुनळी सहसा साडेसहा ते सात पौंडांची असे. सव्वासहा पौंड म्हणजे ८० तोळ्यांच्या मापानें तीन शेरांवर तीन तोळे. यादींतील वजन शेरांत असल्यास हा हिशेब उपयोगीं पडेल.

नळीच्या तोंडाची आवळ, म्हणजे चोक, हीहि ह्याच विवेकांत मोडते. पुरी आवळलेली नळी ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळांत सुमारें ७० टक्के दाणे टाकते, तर मोकळी नळी ४० टक्के. वीस यार्डांवर उठलेल्या लाव्यास पुरी आवळ लागली तर एकतर नेम चुकतो किंवा पक्ष्याच्या चिंध्या होतात. म्हणून माळावर मोकळी नळीच इष्ट.

(६) आपोआप भरणारी बंदूक. दुनळीचे दोन बार संपले कीं ती मोडून पुन्हां भरावी लागते. ही अडचण दूर करण्यासाठीं अमेरिकन यंत्रज्ञ जॉन ब्राउनिंग ह्यानें एकदां चाप ओढला कीं रिकामें काडतूस फेंकून दुसरें आपण होऊन नळींत घेणारी बंदूक काढिली, बेल्जममधील एफ्. एन्. कारखान्यानें ती १९०२ पासून तयार केली. प्रत्येक बारास चाप स्वतंत्र ओढावा लागतो, म्हणून ती अर्धस्वयंचलित. तींत बार उडतांच नळी व खटका एकत्र मागें सरकतात. मग नळी आधीं पुढें जाते, रिकामें टरफल बाहेर पडतें व मागाहून खटका नवें काडतूस घेऊन पुढें येतो. पुढच्या काळांत नळींतील वायूच्या दाबानें दट्ट्या हालविणारी रचना आली. तिचा धक्का सौम्य, परंतु काजळी फार धरते. तिसरी रचना केवळ जडत्वावर व एका दणकट स्प्रिंगवर चालते. ती स्वच्छ राहते, पण फार हलक्या काडतुसानें कधीं कधीं अडते.

मग खानदेशांतील माळावर हिची निवड कां होऊं नये? प्रथम कारण वजन. ब्राउनिंगची जुनी १२ बोरची बंदूक आठ पौंडांच्या घरांतली. वरील नियमानें ती माळावरच्या भारास फार जड. १९३७ सालीं १६ बोरची हलकी आवृत्ति निघाली आणि १९४८ नंतर इटलीच्या फ्रांकी कारखान्यानें मिश्रधातूचें अंग वापरून २० बोरची बंदूक साडेपांच पौंडांच्या आसपास आणिली, तेव्हां कोठें हा दोष गेला. दुसरें कारण काडतूस. त्या काळचीं काडतुसें कागदी टरफलांचीं. पावसाळ्याच्या दमट हवेंत तीं फुगत व यंत्रांत अडकत. दुनळींत असें काडतूस निदान बोटांनीं काढितां येई. तिसरें कारण काळ्या रानांतील बारीक धूळ, जी सरकत्या भागांची वैरीण. चौथें आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें कारण सुरक्षितपणा. रानांत हांके देणारीं माणसें व पोरें सोबत असतां मोडलेली दुनळी रिकामी आहे हें दहा पावलांवरून दिसतें. स्वयंभरण बंदुकीच्या पोटांत काय आहे, हें बाहेरून कळत नाहीं. निवड करणाऱ्यास आजहि, जेथें अशी शिकार कायदेशीर आहे अशा देशांत, ह्याच चार प्रश्नांचीं उत्तरें आधीं द्यावीं लागतात. कारखान्याचें नांव मागाहून.

(७) बंदुकीवरील लेख. आपल्या संग्रहांतील वस्तु स्वतः बोलते. इंग्रजी नळीच्या खालच्या अंगास परीक्षागृहाचे शिक्के असतात, ते ताम्रपटावरील मुद्रेइतकेच लक्षपूर्वक वाचावे. ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का आवळ असलेल्या नळीवर १८७५ ते १८८७ ह्या काळांतच मारीत. तो असल्यास नळीचा काळ बारा वर्षांच्या आंत येतो. गंज दिसला म्हणून ती घांसूं नये. घांसण्यानें शिक्के जातात. वेढ्यांच्या नक्षीच्या जुन्या पोलादी नळ्या काळ्या दारूसाठीं केलेल्या असत; आधुनिक काडतूस त्यांत घालणें प्राणघातक ठरूं शकतें.

(८) वस्तूचा खोटेपणा. हलक्या बंदुकीचा दुसरा उपयोग पक्षिसंग्राहक करीत. कातडें फाटूं नये म्हणून ते अतिबारीक छरा व अल्प दारू वापरीत. जेम्स डेव्हिडसन ह्या सनदी अधिकाऱ्यानें १८८० च्या दशकांत खानदेशांत रानपिंगळ्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर त्या पक्ष्याचा विश्वसनीय नमुना नाहीं. मायनर्ट्‌झहागेन ह्यानें मात्र १९१४ सालीं गुजराथेंत तो मिळाल्याची चिठ्ठी लाविली होती, आणि तिच्या भरंवशावर शोध भलत्याच ठिकाणीं चालले. पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर ह्यांनीं कातडें भरण्याच्या धाटणीवरून तो नमुना डेव्हिडसनचाच, चोरून नव्यानें चिठ्ठी लाविलेला, असें दाखविलें व १९९९ सालीं तें प्रसिद्ध केलें. खरीं स्थळें हातीं धरून रासमुसेन व त्यांचे सहकारी १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांत, गेले असतां तो पक्षी जिवंत आढळला. एका खोट्या चिठ्ठीनें एक जात हरवली होती आणि खऱ्या नोंदींनीं ती परत मिळाली. चिठ्ठी व वस्तु एकमेकींशीं पडताळून पाहण्याचा हा धडा हस्तलिखितांसहि तंतोतंत लागू आहे.

(९) आजची मर्यादा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस परवान्याचीं बंधनें आलीं आणि १९९१ च्या दुरुस्तीनें ते परवानेहि बंद झाले. ज्या तणमोराच्या पावसाळी उड्यांवर एके काळीं सहज बार टाकीत, तो आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. बंदुकीसंबंधीं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमांत कालबाह्य वा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या, व दुरुस्त करूनहि न उडणाऱ्या शस्त्रांस सूट आहे. घरांतील जुनी दुनळी ह्या सुटींत बसेलच असें नव्हे. संग्राहकांनीं प्रथम परवान्याची विचारपूस करावी, मग शिक्क्यांची.

शेवटीं विनंति एवढीच. दफ्तर लावतांना परवाने, काडतुसांचीं बिलें, शिकारीचीं टिपणें टाकूं नयेत. कोणत्या गांवच्या माळावर, कोणत्या महिन्यांत, किती लावे व किती तितर होते, ह्याचें लिखित प्रमाण अनेक गांवांस दुसरें कांहींच उरलेलें नाहीं. ज्या हातांनीं ते पक्षी मारिले, त्याच हातांनीं नकळत त्यांची गणतीहि लिहून ठेविली. माझें तें चिटोरें आतां शेतसाऱ्यांतून काढून निराळ्या पाकिटांत ठेविलें आहे, व त्यावर नांव घातलें आहे : ‘विष्किर’.