जुन्या येझदीची घरच्या घरी निगा : आधी निदान, मग पाना

जुन्या वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या मागच्या पडवीत किंवा जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत गोणपाट पांघरून उभी असलेली मोटारसायकल महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही आढळते. वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली ती 'जावा' किंवा 'येझदी' असते. एखाद्या रविवारी घरातील तरुणाला ती चालू करून पाहण्याची ऊर्मी येते. टाकीत पेट्रोल ओतले जाते, किकवर किक मारली जाते, गाडी दाद देत नाही म्हणून हाती लागेल त्या पान्याने इंजिन उघडले जाते. पंधरा-वीस वर्षे उभे राहूनही शाबूत राहिलेले यंत्र अशा एका दुपारच्या घाईत कायमचे जायबंदी होऊ शकते.

मूळ 'जावा' ही चेकोस्लोव्हाकियातील कंपनी. संस्थापक यानेचेक आणि 'वाँडरर' या नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये हे नाव तयार झाले. भारतात म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात १९६१ पासून या मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्या 'येझदी' या नावाने रस्त्यावर आल्या. १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये 'जावा' आणि २०२२ मध्ये 'येझदी' ही नावे पुन्हा बाजारात आली खरी. परंतु नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक असल्याने त्यांचे भाग जुन्या टू-स्ट्रोक इंजिनास उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे मूळ भाग मोडला, तर तसाच दुसरा मिळेल याची खात्री नसते. घरच्या दुरुस्तीत संयमाला महत्त्व आहे ते यामुळेच.

पहिली किक मारण्यापूर्वी

दीर्घकाळ बंद असलेल्या गाडीला थेट किक मारू नये. सिलिंडरमध्ये गंजाचा पातळ थर असल्यास पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत दोन्ही ओरखडतात. प्रथम स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी वरचा गिअर टाकून मागील चाक हाताने हलकेच पुढे-मागे करावे. पिस्टन अडकलेला असेल, तर तेल सोडण्याचा हा क्रम काही दिवस चालू ठेवावा. हातोडीचा विचारही मनात आणू नये.

टाकीतील जुने पेट्रोल पूर्णपणे काढून टाकावे. आत गंज असल्यास टाकी उतरवून त्यात पांढरे व्हिनेगर एक-दोन दिवस ठेवता येते. नंतर खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने टाकी धुऊन ती उन्हात कडकडीत वाळवावी आणि आतून लगेच तेलाचा हात फिरवावा; अन्यथा ओला पत्रा काही तासांत पुन्हा गंजतो. पेट्रोलच्या नळाची जाळी व वायसर आणि रबरी नळी यांचीही याच वेळी तपासणी करावी.

तीन प्रश्न

गाडी चालू होत नसेल तर तीनच प्रश्न विचारावेत. पेट्रोल पोहोचते का? ठिणगी पडते का? इंजिनात दाब आहे का? एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये.

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत असूनही प्लग कोरडा राहत असेल, तर कार्बोरेटरचे जेट तुंबलेले असण्याची शक्यता अधिक. जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या झोताने साफ करावेत. त्यात तार घातल्यास छिद्र मोठे होते आणि पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवावी आणि किक द्यावी. सांडलेले पेट्रोल त्यापूर्वी पुसून घ्यावे आणि उघडे भांडे दूर ठेवावे. ठिणगी निळसर व ठसठशीत हवी. ती पिवळट किंवा अशक्त असेल, तर काँटॅक्ट ब्रेकर पॉइंट काळे पडले आहेत काय ते पाहावे. बारीक पॉलिश कागदाने ते साफ करून पूर्ण उघडलेल्या स्थितीत फीलर गेजने अंतर मोजावे. ते साधारणतः ०.४ मिलिमीटर असते. साफ केलेले पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो.

दाबाचा अंदाज किकवरूनच येतो. या गाड्यांत गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किकचे काम करतो. तो अडथळ्याविना सहज खाली जात असेल, तर रिंगा झिजल्या असाव्यात किंवा हेडच्या सांध्यातून दाब निसटत असावा.

धूर काय सांगतो?

टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळत असल्याने थंड इंजिनाचा निळसर धूर स्वाभाविक आहे. मात्र इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअरबॉक्समधील तेल कमी होत गेले, तर क्रँकच्या त्या बाजूचे ऑइल सील गेले असे समजावे. गाडी उभी राहिल्याने हे रबर कडक होते. दुसऱ्या बाजूचे सील गेल्यास इंजिन बाहेरची हवा ओढते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी वेग उतरत नाही. अशी गाडी चालवत राहिल्यास पिस्टन तापून जाम होतो.

गाडीला 'दम' नसेल, तर सायलेन्सर पाहावेत. टू-स्ट्रोकची काजळी धुराच्या वाटेवर साचत जाते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. सायलेन्सरच्या आतील नळ्या बाहेर काढून खरवडाव्यात. सिलिंडरच्या तोंडाशी साचलेली काजळी पिस्टन वर आणून, लाकडी पट्टीने काढावी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने पिस्टनवर चरे पडतात.

आजचे पेट्रोल, कालचे इंजिन

भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले. या गाड्या तयार झाल्या तेव्हा अशा इंधनाचा विचारच नव्हता. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि पेट्रोलचा नळ तर तळाशीच असतो! त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते. शिवाय जुने रबर फुगते, टाकीला आतून गंज चढतो. उपाय सोपे आहेत : लागेल तेवढेच पेट्रोल भरावे, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व वायसर बसवावेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

तेलाचे प्रमाण अंदाजाने घेऊ नये. पुस्तिकेत १:२५ असे दिले असेल, तर ५ लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल लागते. तेल कमी पडले तर इंजिन जाम होते, जास्त झाले तर काजळी वाढते.

मिस्त्रीकडे काय न्यावे?

साफसफाई, पॉइंट, प्लग, कार्बोरेटर, केबल, चेन, वायरिंगची जोडणी एवढी कामे घरी निश्चित होतात. क्रँकची दुरुस्ती, सिलिंडरचे बोअरिंग, ऑइल सील बदलणे आणि चाकांच्या आऱ्या ताणणे ही कामे अनुभवी हाताकडेच सोपवावीत. ब्रेकच्या ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी.

आटे गेलेला नटबोल्ट ही घरगुती दुरुस्तीची सर्वांत सामान्य देणगी. म्हणून मापाचाच पाना वापरावा, काढलेला प्रत्येक भाग क्रमाने डबीत ठेवावा आणि उघडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. बदललेले जुने भागही फेकू नयेत. पुण्याच्या नाना पेठेत सुटा भाग शोधताना मूळ नमुना हाती असला की निम्मे काम होते.

कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची

खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणीची सोय आहे. मात्र त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसिस किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. शिवाय अशी नोंदणी घेतल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा कोणती वाट धरायची ते आधी ठरवावे. रंग खरवडताना इंजिन व चॅसिसवरील क्रमांक पुसले जाणार नाहीत, याची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी. ते पुसले गेले, तर गाडी आपलीच आहे हे सिद्ध करणेही कठीण होते.

जुनी मोटारसायकल चालवल्याने जेवढी झिजते, त्याहून अधिक उभी राहून खराब होते. पंधरवड्यातून एकदा इंजिन पुरते गरम होईपर्यंत चार-पाच किलोमीटरची फेरी, हवा व चेनची तपासणी आणि वहीत दोन ओळींची नोंद एवढे तिला पुरेसे असते. ही गाडी उघडता येणारे जुने मिस्त्री आता गावोगावी कमी होत आहेत. त्यांच्यापैकी कोणी काम करीत असेल, तर शेजारी उभे राहून पाहावे, विचारावे आणि लिहून ठेवावे. सुटा भाग कदाचित नव्याने घडवता येईल. हातातली जाण मात्र त्या हाताबरोबरच जाते.