घरातले माणूस गेल्यावर : खर्च, कागद आणि उभा ऊस



या पानावर नेहमी बेणे, लागण, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांचीच चर्चा असते. या खेपेचा विषय वेगळा आहे. घरात मयत झाले तर खर्च कसा भागवायचा, आणि मागचे व्यवहार अडू नयेत म्हणून काय करायचे, हे यात सांगायचे आहे. कुणी म्हणेल, साहेब, हे काय अशुभ काढलंत? पण लग्नाची तारीख सहा महिने आधी धरतो आणि तजवीज करतो. मरणाची तारीख कुणालाच ठाऊक नसते, म्हणून तर तिची तजवीज आधी लागते. दुःखाच्या दिवसांत माणसाला हिशेब सुचत नाही. तो आधीच झालेला असावा.

खर्च कुठे वाढतो?

पहिल्या दिवशी तिरडीचे बांबू, कापड, मडके, हार-गुलाल, लाकूड आणि शेणी एवढे लागते. एका दहनाला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड जाते. ज्यांच्यात दफन करतात त्यांना खड्डा खोदण्याचा आणि कफनाचा खर्च येतो. या दिवसाचे ओझे गावाने पूर्वापार वाटून घेतले आहे. भावकी लाकूड फोडते, शेजारची घरे कडू घास आणतात, मयताच्या घरची चूल पेटू देत नाहीत. कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, आणि होळीच्या वेळी लोक तिथे शेणी दान करतात. हीच रीत आपल्या गावच्या स्मशानशेडसाठी सुरू करायला कुणाची हरकत असणार?

खर्च फुगतो तो पुढे. दहावा, उत्तरकार्य, मंडप, गोडजेवण, पाहुण्यांचे टॉवेल-टोपी आणि साड्यांचे आहेर. विधी करू नये असे माझे म्हणणे नाही. ज्याची जशी श्रद्धा, तसे त्याने करावे. पण पिंडदानाला लागतो तो खर्च थोडा, आणि ‘लोक काय म्हणतील’ याला लागतो तो जास्त. गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून जन्मभर हेच सांगितले की कर्ज काढून कार्ये करू नका. बाबा १९५६ साली गेले, पण आपली सवय काही गेली नाही.

रक्षेबाबत शेतीचा माणूस म्हणून एक सांगतो. राखेत पालाश आणि चुना असतो. नदीत पोती रिकामी करण्यापेक्षा रक्षा शेतात पसरून बांधावर एखादे झाड लावले, तर नदीही स्वच्छ राहते आणि आठवणही राहते. बऱ्याच गावांत हे आता सुरू झाले आहे.

कर्जाचा हिशेब उसात करून पाहा

समजा, कार्यासाठी चाळीस हजार रुपये महिना शेकडा पाच दराने हातउसने घेतले. महिन्याला व्याज दोन हजार. ऊस जायला दहा महिने असतील तर व्याजच वीस हजार, आणि परत करायचे साठ हजार. कपात जाऊन टनाला तीन हजार हातात पडले असे धरले, तर हा वीस टन ऊस झाला. म्हणजे एकरी चाळीस टन काढणाऱ्याचा अर्धा एकर गेला. त्यातला सहा-सात टन तर नुसत्या व्याजाचा! शिवाय बिलातून सोसायटीचे पीककर्ज आधी वळते होते, हे विसरू नका. अख्खे बिल हातात येईल असे धरून कुणाला शब्द देऊ नका. परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

खरी अडचण कागदाची

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ घरांत पैसा नसतो असे नाही. तो गेलेल्या माणसाच्या नावावर अडकून पडतो. उसाची नोंद त्यांच्या नावे, बँकेचे खाते त्यांच्या एकट्याचे, शेअरही त्यांचाच. ऊस तुटतो, गाळला जातो, बिल खात्यावर जमा होते, आणि बायकोला त्यातला रुपया काढता येत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते दिले तरी घरात पोहोचत नाहीत. मग शेतात ऊस उभा असताना, नाही तर खात्यात बिल पडून असताना, त्या माउलीला सावकाराचे दार बघावे लागते. हे टाळता येते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) खाते : ऊसबिलाचे खाते शक्यतो नवरा-बायकोच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीचे करून घ्या. ते नसेल तर वारस नेमणूक तरी हवीच. मात्र बँकेतली नेमणूक म्हणजे मालकी नव्हे. नेमलेल्याने पैसे इतर वारसांच्या वतीने घ्यायचे असतात. गेलेल्या माणसाचे ए.टी.एम. कार्ड वापरून पैसे काढू नका. ते नियमाला धरून नाही, आणि भावाभावांत संशय तिथूनच सुरू होतो.

२) शेअर : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद मयत झाल्यावर शेअर नेमलेल्या व्यक्तीच्या नावे होतो. नेमणूक नसेल तर संस्थेला वारस ठरवावा लागतो, आणि त्यात वेळ जातो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नेमलेली व्यक्ती आज हयात आहे का, तेही पाहावे.

३) मृत्यूची नोंद : १९६९ च्या कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत कळवल्यास नोंदीला फी नाही. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय नोंद होत नाही. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, हे लक्षात ठेवा. शहरातल्या दवाखान्यात माणूस गेले तर दाखला त्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत मिळेल, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. नाव सात-बारा आणि आधार कार्डाशी जुळते का ते पाहून आठ-दहा प्रती घेऊन ठेवाव्यात.

४) सात-बारा : वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. बहिणींची नावे गाळून नोंद करू नका. त्यांचा हक्क कायद्याने आहे, आणि आज गाळलेले नाव उद्या कोर्टात उभे राहते.

५) उभा ऊस : दाखला हातात येताच गट कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत सर्व वारसांची संमती जोडा. लागणीची तारीख, गट नंबर, क्षेत्र आणि तोडीच्या आधीच्या कपाती लिहा. तोड येण्याची वाट पाहू नका. बिल चुकीच्या खात्यावर पडण्याआधी नोंद बदलणे सोपे असते.

अपघाती मृत्यू झाल्यास

साप चावला, विहिरीत बुडाला, मोटारीचा शॉक बसला, वीज पडली, असे शेतात घडते. घाईने थेट दहन करू नका. पोलिसांना कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या. मन तयार होत नाही, हे खरे. पण तो कागद नसेल तर पुढची मदत मिळणे कठीण होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाच्या खातेदार शेतकऱ्याच्या, तसेच कुटुंबातील एका सदस्याच्या अपघाती मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. तेरावा होईपर्यंत जवळजवळ निम्मी मुदत संपलेली असते. म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच एखाद्या शिकलेल्या पुतण्या-भाच्याकडे सोपवा.

बँकेतून मिळणारे दोन विमेही घ्यावेत. जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे, त्यात १८ ते ५० वयात सहभागी होता येते आणि संरक्षण ५५ पर्यंत राहते. सुरक्षा विमा अपघातासाठी आहे, हप्ता २० रुपये, वय १८ ते ७०. दोन्हींत मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात. मे महिन्यात हप्ता कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. खात्यात पैसे नाहीत म्हणून विमा बंद पडला, असे होऊ देऊ नका.

गावाने मिळून काय करावे?

शंभर घरांनी वर्षाला प्रत्येकी दोनशे रुपये काढले तर वीस हजार जमतात. त्यातून स्मशानशेडमध्ये लाकूड-शेणीचा साठा राहतो आणि गरजू घराला त्याच दिवशी हातात काही देता येते. बिलातून एकदा बाजूला काढायची ही रक्कम कुणालाही जड नाही. आणि वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा घरात मोकळेपणी सांगून ठेवावी : कार्य किती मोठे करायचे, आहेर घ्यायचे की नाहीत, नेत्रदान करायचे का. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. थोरल्यांनीच ‘माझ्यामागे कर्ज काढू नका’ असे चारचौघांत सांगितले, तर पोरांना लोकांच्या बोलण्याचे भय राहत नाही.

शेवटी एकच विनंती. पासबुके, शेअरचा दाखला, सात-बारा, विम्याच्या पावत्या आणि ऊस नोंदीची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे ते घरच्या बाईला सांगून ठेवा. बेसल डोस लागणीच्या आधी देतो, ऊस वाळल्यावर नाही. हेही तसेच आहे. नेमणुकीचे फॉर्म गट कार्यालयात मागून घ्यावेत. भरताना अडले तर आमचे कर्मचारी मदत करतील.

— ऊस विकास अधिकारी