पिन कोड तपासणारा प्रोग्राम का चुकतो?

चेन्नई शहरातल्या पत्त्यांचे पिन कोड ६०० ने सुरू होतात. राजाजी सालईवरचे जनरल पोस्ट ऑफिस ६००००१, मैलापूर ६००००४, टी. नगर ६०००१७, आयआयटी मद्रास ६०००३६. पायथन शिकणाऱ्या नवख्यासाठी हा कोड तपासणारा प्रोग्राम हा उत्तम सराव आहे. नियम तीनच: अक्षरे सहा, सगळे आकडे आणि सुरुवात ६०० ने. काम जेमतेम दहा ओळींचे, पण पहिल्या फटक्यात ते क्वचितच जमते. गंमत म्हणजे चुकाही बहुधा त्याच त्या असतात.

पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. पहिला आकडा विभागाचा, एक ते नऊ. त्यातला नऊ लष्करी टपालासाठी. त्यामुळे शून्याने सुरू होणारा पिन नसतो. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. म्हणजे पिनमधला प्रत्येक आकडा आपापल्या जागेवर काहीतरी सांगतो. त्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते. नवख्याच्या बऱ्याच चुका हे विसरल्याने होतात.

‘इनपुट’ने घेतलेली कुठलीही गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते. वापरणाऱ्याने ६००००१ टाईप केले आणि प्रोग्रामात ‘इफ पिन == ६००००१’ असे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले असेल, तर उत्तर कायम ‘चूक’ येते, कारण एका बाजूला मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला संख्या. यावर नवखा लगेच ‘इंट’ लावतो. मग लांबी मोजणारे ‘लेन’ रुसते आणि पडद्यावर ‘टाइपएरर’ येतो: संख्येला लांबी नसते. असा लालभडक मजकूर दिसला की सगळ्यात खालची ओळ आधी वाचावी. काय बिघडले ते तिथे असते आणि कुठे बिघडले तो ओळ क्रमांक तिच्या वर. ‘इंट’चा दुसरा तोटा चेन्नईच्या एसटीडी कोडमध्ये दिसतो: ०४४ ची संख्या केली की उरतात फक्त ४४. तेव्हा कोड मजकूर म्हणूनच ठेवावा.

एरर दाखवणारी चूक त्यामानाने सोपी. मुकाट्याने चुकीचे उत्तर देणारी चूक जास्त त्रास देते. चेन्नईबरोबर मुंबईचेही पिन चालावेत म्हणून ‘इफ पिन.स्टार्ट्सविथ("६००") ऑर "४००"’ असे लिहिले जाते. वाचताना वाक्य अगदी बरोबर वाटते, पण पायथन ‘ऑर’च्या पुढचा भाग स्वतंत्रपणे पाहतो, आणि रिकामा नसलेला कुठलाही मजकूर त्याच्या दृष्टीने खराच. परिणामी नागपूरचा ४४०००१ सुद्धा बिनबोभाट पास होतो. दोन्ही सुरुवाती ‘स्टार्ट्सविथ’ला दुहेरी कंसात एकत्र दिल्या की प्रश्न मिटतो.

तिसरा त्रास न दिसणाऱ्या अक्षरांचा. अनेक जण पिन तीन-तीन आकड्यांत तोडून, ‘६०० ०१७’ असा लिहितात. कुठून तरी कॉपी केलेल्या कोडच्या शेवटी स्पेस चिकटून येते. लांबी सात भरते आणि कोड नाकारला जातो. साध्या ‘प्रिंट’ने शेवटची स्पेस कळत नाही; ‘प्रिंट(रेप्र(पिन))’ केले की मजकूर अवतरणांसकट येतो आणि स्पेस उघडी पडते. डोळ्यांनी किंमत पाहिल्याशिवाय अंदाजाने ओळी बदलत बसणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. ‘रिप्लेस’ने सगळ्या स्पेस काढून मगच तपासणी करावी.

मजकुरात सगळे आकडेच आहेत का ते सांगणाऱ्या ‘इझडिजिट’ची मात्र भारतात खास काळजी घ्यावी लागते. या लेखात छापलेला ६०००१७ देवनागरीतच टाईप केला, तर ‘इझडिजिट’ त्याला आकडे मानते. तमिळ अंकांनाही मानते. पण इंग्रजी आकड्यांतल्या ६०० शी तुलना करताच तो नापास होतो. ‘इंट’ हे अंक समजून घेते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. फक्त इंग्रजी आकडे हवे असतील तर सोबत ‘इझअ‍ॅस्की’ची अट घालावी, ही सोय पायथन ३.७ पासून आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन वापरणाऱ्यांनी ‘मॅच’ऐवजी ‘फुलमॅच’ घ्यावे, कारण सहा आकड्यांच्या नमुन्यामागे शेवटाची खूण नसेल तर ‘मॅच’ सात आकड्यांचा कोडही स्वीकारते.

दुरुस्तीनंतर प्रोग्रामला बरोबर कोड देऊन समाधान मानू नये. रिकामी ओळ, पाच आकडे, सात आकडे, मध्ये इंग्रजी ‘ओ’ घातलेला कोड, शेवटी स्पेस असलेला कोड: हे सगळे मुद्दाम द्यावे. रिकाम्या ओळीवर ‘पिन[०]’ पाहिले तर ‘इंडेक्सएरर’ येतो, म्हणून लांबीची अट आधी हवी. ‘व्हाइल’मध्ये पुन्हा विचारताना ‘इनपुट’ लूपच्या बाहेर राहिले, तर तोच चुकीचा कोड अखंड तपासला जातो. तेव्हा कंट्रोल-सी दाबून सुटका करून घ्यावी.

एवढे करूनही प्रोग्राम फक्त कोडचा आकार तपासतो. ६००००० तिन्ही नियमांत बसतो. तशा क्रमांकाचे पोस्ट ऑफिस आहे की नाही, ते टपाल खात्याच्या यादीशी ताडूनच कळते. चेन्नईलगतच्या ‘आवडी’ या शहराचा पिन ६०००५४ आहे, पण ते तिरुवल्लूर जिल्ह्यात येते. ६०० पाहून प्रोग्रामने ‘जिल्हा चेन्नई’ छापले, तर ती चूक पायथनची नसते, नियम ठरवणाऱ्याची असते.