हृदयातली न मिटलेली वाट

फेब्रुवारी 2005. अमेरिकन फुटबॉलमधला नामांकित खेळाडू टेडी ब्रुस्की नुकताच सुपर बोल जिंकून आला होता. वय 31. आणि त्याला पक्षाघात झाला! कारण सापडलं ते हृदयात, आणि तेही जन्माआधीपासूनचं. ते दुरुस्त झालं आणि त्याच ऑक्टोबरात तो पुन्हा मैदानात उतरला.

गर्भाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत. प्राणवायू आईकडून, वारेतून, नाळेवाटे येतो. मग रक्त फुप्फुसांकडे कशाला धाडायचं? म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक आडवाट असते. तिच्यातून बरंचसं रक्त उजवीकडून थेट डावीकडे जातं. बाळ पहिला श्वास घेतं, फुप्फुसं फुलतात, डावीकडचा दाब वाढतो आणि तिथली झडप दाबली जाऊन वाट मिटते. एका श्वासासरशी रक्ताचा रस्ताच बदलतो! पुढे झडप चिकटून जाते. पण साधारण चारांतल्या एका माणसात ती पुरती चिकटत नाही.

बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पायाच्या शिरेत झालेली गुठळी एरवी फुप्फुसात अडकते. पण कुंथताना, खोकताना उजवीकडचा दाब क्षणभर वाढतो, झडप उघडते आणि गुठळी पलीकडे निसटून मेंदू गाठू शकते. जर्मन शास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी 1877 मध्येच हा प्रवास ओळखला होता.

तो पकडण्याची तपासणी मला फार सुंदर वाटते. सलाईनमध्ये थोडी हवा घुसळून सूक्ष्म बुडबुडे करतात, हाताच्या शिरेत सोडतात आणि रुग्णाला कुंथायला सांगतात. एरवी फुप्फुसं ते गाळून टाकतात. पण इकोच्या पडद्यावर तीनेक ठोक्यांच्या आत डाव्या कप्प्यात बुडबुडे चमकले, की वाट उघडी आहे.

तरी एवढ्यावर निदान होत नाही. इतक्या निरोगी माणसांत ही वाट असते, की ती निव्वळ योगायोगानेही सापडेल. म्हणून मानेतल्या धमनीचं अस्तर फाटलंय का, हृदयाची लय बिघडते का, रक्त सहज गोठतं का, हे आधी तपासावं लागतं. दुसरं कारण नसेल, तर मांडीच्या शिरेतून नळी नेऊन दोन चकत्यांनी वाट बुजवतात. निवडक तरुण रुग्णांत त्याने पुन्हा पक्षाघात होण्याचा धोका घटतो, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवलं. काही महिन्यांत चकत्यांवर हृदयाचंच अस्तर चढतं. गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या मात्र पुढेही घ्याव्या लागतात.