प्रश्नातच दडलेलं उत्तर

सार्वजनिक धोरणाचं विश्लेषण लिहायला बसलेला विद्यार्थी बहुधा पहिल्या वाक्यातच अडकतो. ‘जलसंधारणाची कामं अपुरी असल्यामुळे मराठवाड्यात टंचाई आहे’, हे वाक्य मी कितीतरी मसुद्यांत वाचलं आहे. प्रश्न म्हणून मांडलेलं हे खरं तर उत्तर आहे: कामं वाढवा. पुढची सगळी पानं मग त्याच्या वकिलीत जातात. ‘पाऊस बरा झालेल्या वर्षीही या भागातल्या विहिरी मार्चमध्येच का आटतात?’ असं विचारलं, की उपसा, पिकं, खडक, वीज हे सगळंच तपासावं लागतं.

सरावासाठी मी महाराष्ट्र सरकारचं जलसंधारणाचं जलयुक्त शिवार अभियान देतो. डिसेंबर २०१४च्या शासन निर्णयाने ते सुरू झालं. दरवर्षी ५,००० गावं टंचाईमुक्त करायची, असं उद्दिष्ट होतं. आधी तो मूळ शासन निर्णय वाचायचा. मग ठरवायचं, ‘टंचाईमुक्त’ कशावरून म्हणायचं? अडवलेल्या पाण्याच्या टीसीएमवरून (हजार घनमीटर), बंद झालेल्या टँकरवरून, की मे महिन्यातल्या विहिरीच्या पातळीवरून? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

खरी मेहनत इथून पुढे. मराठवाड्यात २०१५ साली पावसाने दगा दिला, २०१६ साली तो चांगला झाला. या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, तर मधल्या काळातली कुठलीही योजना यशस्वी दिसेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. तेवढ्यानेही भागत नाही. तसाच पाऊस, तोच खडक, पण अभियानाची कामं न झालेलं गाव शोधावं लागतं; योजना नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज त्यावरूनच येतो. अर्थात, निवड टंचाईच्याच गावांची झाली होती, त्यामुळे ही तुलना थोडी कच्चीच राहते. निबंधात हे उघडपणे लिहावं.

नंतर शिवारात जायचं. खोलीकरण झालेल्या एका नाल्याच्या काठाने चालताना शेतकरी आम्हाला एकेक बोअर दाखवत होता, सगळी कामानंतर घेतलेली. “पाणी दिसलं, मग ऊस लावला,” तो म्हणाला. आमच्या एकाही तक्त्यात हे आलं नव्हतं. ‘कॅग’ने २०२०च्या अहवालात नोंदवलं, की ९,६०० कोटींहून अधिक खर्चूनही भूजल पातळी वाढण्यावर अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही. विद्यार्थी हा निष्कर्ष उतरवून मोकळे होतात. तो शेतकरी भेटल्यावर ‘का?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

पर्याय मांडताना ‘आहे तसं चालू देणं’ हाही एक पर्याय धरावा. दुसरा, २००९च्या भूजल कायद्यातली ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवरची बंदी अमलात आणणं. तिसरा, हिवरे बाजार या गावासारखा पाण्याचा ताळेबंद: उपलब्ध पाणी मोजून गावानेच पिकं ठरवायची. त्या गावाने शेतीसाठी बोअर घेणंही बंद केलं. या पर्यायांना खर्च, परिणाम, न्याय आणि राबवता येणं या कसोट्या लावायच्या. न्यायाचा रकाना विद्यार्थी घाईने भरतात, आणि माझ्या मते बहुतेक निबंध तिथेच कोसळतात. बोअरबंदी आली, तर ज्याचं बोअर आधीच खोल आहे त्याचं काय बिघडतं? पैसे साठवून पहिलं बोअर घेऊ पाहणारा कोरडवाहू शेतकरी मात्र कायमचा बाहेर राहतो. त्याच्यासाठी काय करणार, हे लिहिलं नसेल तर विश्लेषण अर्धंच झालं.

शिफारशीत कोणी, कोणत्या कलमाखाली, कोणत्या निधीतून आणि कधीपर्यंत करायचं, एवढं तरी असावं. ‘जनजागृती करावी’ हे वाक्य सुचलं, तर कृपा करून ते खोडा आणि हे चार तपशील पुन्हा शोधायला बसा.