आगरोधक रंग : लावण्यापूर्वी कारखानदार बांधवांनी काय पाहावे?

कापड, तयार कपडे, बॅगा, चप्पल, फर्निचर, जरीकाम या धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. या सर्व धंद्यांत एक गोष्ट सारखी आहे. माल कच्चा असो की तयार, तो लवकर पेट घेतो. जागा अपुरी, म्हणून कारखान्यातच लाकडी माळा काढला जातो, प्लायवूडचे पार्टिशन घातले जाते, पत्र्याखाली फॉल्स सीलिंग मारले जाते. त्याच माळ्यावर रात्री कारागीर झोपतात. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसे मरण पावली. त्यांत कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरची माणसेही होती.

अशी बातमी आली की बाजारात ‘फायरप्रूफ’ रंगाची चौकशी वाढते. ठेकेदार डबा दाखवतो आणि सांगतो, हा रंग मारा, मग आगीची फिकीर करू नका. हे बोलणे खरे नाही. आग लागूच न देणारा रंग कोठेही मिळत नाही. चांगला आगरोधक रंग फक्त वेळ मिळवून देतो. तोही योग्य जागी आणि योग्य जाडीने लावला तरच. ही गोष्ट नीट समजून घेतली तर पैसाही वाचेल आणि इन्शाअल्लाह जीवही वाचतील.

हा रंग काम कसा करतो?

लाकूड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यातून जळणारा वायू निघतो आणि ते पेट घेते. जाड तुळई हळूहळू जळते. वरून कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. पातळ प्लायवूडला ही सवलत नाही. ते काही मिनिटांतच आरपार जळते. लोखंड जळत नाही, पण सुमारे ५५० अंशांवर त्याची ताकद जवळपास निम्मी होते आणि वरचा माळा खाली येतो. प्रयोगशाळेत आगीची परीक्षा घेण्यासाठी जी भट्टी वापरतात, ती पाच मिनिटांत सुमारे ५७५ अंशांवर आणि अर्ध्या तासात ८४० अंशांवर नेतात. यावरून हाताशी वेळ किती थोडा असतो, याचा अंदाज येईल.

आगरोधक रंगाचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचा रंग स्वतः सहजी जळत नाही आणि ज्वाला पृष्ठभागावरून पुढे सरकण्याचा वेग कमी करतो. दुसरा फुगणारा रंग, ज्याला इन्ट्युमेसंट म्हणतात. त्यात बहुधा अमोनियम पॉलिफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलॅमिन हे तीन पदार्थ असतात. उष्णता २०० अंशांच्या पुढे गेली की पहिल्यातून आम्ल सुटते, त्या आम्लाने दुसऱ्याचा कोळसा होतो आणि तिसऱ्यातून निघणारा वायू त्या कोळशाला भाकरीसारखा फुगवतो. अर्ध्या मिलिमीटरचा थर तीस पट फुगला तर दीड सेंटीमीटरची गादी तयार होते. ही गादी उष्णता आत जाऊ देत नाही. लाकडासाठी याच जातीचे पारदर्शक वार्निशही मिळते.

कोठे लावावा, कोठे लावू नये

विटांच्या, सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंतीवर हा महाग रंग लावणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. गिलावा जळत नाही. त्या भिंतीवर वर्षानुवर्षे चढलेले ऑईल पेंटचे थर मात्र जळतात. ते खरवडून काढले आणि चुना किंवा डिस्टेंपर मारला तरी पुष्कळ काम होते.

रंगाची गरज आहे ती लाकडी जिना, माळ्याची खालची बाजू, प्लायवूडचे पार्टिशन, लाकडी फॉल्स सीलिंग आणि माळा पेलणारे लोखंडी गर्डर व खांब यांना. पैसा थोडा असेल तर सुरुवात जिन्यापासून आणि बाहेर पडण्याच्या वाटेपासून करावी. राष्ट्रीय इमारत संहितेतही आतल्या पृष्ठभागांचे ज्वाला पसरण्याच्या वेगानुसार चार वर्ग केलेले आहेत आणि जिना व ये-जा करण्याच्या मार्गासाठी पहिला, म्हणजे सर्वांत कमी वेगाचा वर्ग सांगितला आहे.

जिन्याचे महत्त्व किती आहे, हे बांगलादेशातील ताज्रीन फॅशन्सच्या आगीने दाखवून दिले. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळच्या या कपड्यांच्या कारखान्यात तळमजल्यावर ठेवलेल्या कापड-सुताने पेट घेतला. जिने त्याच तळमजल्यावर उतरत होते. किमान ११२ कामगार दगावले. जिना मालाच्या गोदामात उतरत असेल तर तेथे कोणताही रंग पुरा पडणार नाही. आधी माल हलवावा, मग रंगाचा विचार करावा.

विजेच्या वायरी, स्विचबोर्ड आणि पाण्याच्या फवाऱ्याची तोंडे यांवर हा रंग कधीही लावू नये. रंग चढलेला फवारा वेळेवर उघडत नाही.

खरेदी करताना

आपण कापड घेताना नुसता रंग पाहत नाही. काउंट विचारतो, जीएसएम मोजतो. तीच नजर येथे ठेवावी. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. परीक्षा कोणत्या मानकाप्रमाणे झाली? कोणत्या वस्तूवर झाली? किती जाडीच्या थरावर झाली? लोखंडावरचा अहवाल प्लायवूडला लागू होत नाही आणि प्लायवूडचा लोखंडाला होत नाही. ‘दोन तास टिकतो’ असे कोणी म्हणाले तर कोणत्या जाडीच्या लोखंडावर आणि रंगाच्या किती मायक्रॉनवर, हे लेखी मागावे. पातळ अँगल लवकर तापतो, म्हणून त्याला जाड गर्डरपेक्षा अधिक रंग लागतो.

दोन रंगांची तुलना लिटरच्या भावावर करू नये. सांगितलेल्या जाडीने एक चौरस मीटर रंगवायला काय खर्च येतो, यावर करावी.

यासाठी एक सोपा हिशेब आहे. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर १००० मायक्रॉनचा होतो. समजा, वाळल्यावर ३०० मायक्रॉनचा थर हवा आहे आणि रंगातील घन भाग आकारमानाने ६० टक्के आहे. म्हणजे ओला थर ५०० मायक्रॉनचा पाहिजे आणि एका लिटरमध्ये दोनच चौरस मीटर होतील. दहा बाय दहा फुटांचे पार्टिशन एका बाजूने सुमारे ९.३ चौरस मीटर भरते, दोन्ही बाजूंनी १८.६. त्याला नऊ लिटरहून अधिक रंग लागेल. ठेकेदाराने तेच काम चार लिटरमध्ये उरकले तर पार्टिशन रंगीत झाले, सुरक्षित झाले नाही. डब्यावर जे आकडे असतील ते घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा आणि रिकामे डबे मोजून घ्यावेत. मापात कमी देणे गुन्हा आहे, हे आपण जाणतो. येथे त्या कमी मापाची किंमत कोणाच्या तरी जिवाने चुकवावी लागते.

लावण्याची रीत

लाकूड कोरडे असावे. पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत रंग नीट वाळत नाही आणि फुगणाऱ्या रंगाला ओलावा सोसत नाही. जुना ऑईल पेंट, वार्निश, मेण, तेलाचे डाग काढून पॉलिशपेपर मारावा आणि धूळ पुसावी. लोखंडावरील गंज तारेच्या ब्रशने काढून, रंगाच्या कंपनीने सांगितलेलाच प्रायमर लावावा. सनमायकावर रंग धरतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

डबा तळापासून ढवळावा. रंग घट्ट वाटतो म्हणून त्यात पाणी किंवा थिनर वाढवू नये. थर दोन-तीन हातांत पुरा करावा आणि प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा द्यावा. ओला थर मोजण्यासाठी कंगव्यासारखी दातेरी पट्टी मिळते. ती रंगात टेकवली की जाडी लगेच कळते. ठेकेदाराकडे अशी पट्टी नसेल तर तो अंदाजाने काम करतो असे समजावे. पार्टिशनच्या कडा, मागची बाजू, पायऱ्यांची खालची बाजू सोडू नये. वायरी आणि पाईप जाण्यासाठी पाडलेली भोके आगरोधक सीलंटने बंद करावीत. साधा फोम भरू नये, तो स्वतः जळतो. शेवटी लावायचा वरचा हातही कंपनीने सांगितलेलाच असावा.

थिनरवर चालणारा रंग असेल तर काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि विडी, वेल्डिंग, इस्त्री बंद ठेवावी. अलसीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात बुडवून बाहेर टाकाव्यात.

लावल्यानंतर

आपल्याकडे ईदपूर्वी रंगरंगोटी करण्याचा रिवाज आहे. आगरोधक रंगावर दर ईदला ऑईल पेंटचा एक हात चढत गेला तर काही वर्षांत वरचे थर जळण जमा करतात आणि खालच्या रंगाला फुगण्यात अडथळा होतो. म्हणून ज्या भागावर हा रंग आहे, तेथे तारीख आणि रंगाचे नाव लिहून ठेवावे. पुढच्या रंगाऱ्याला ते कळले पाहिजे. वर्षातून एकदा पोपडे, ओल, खिळ्यांची भोके पाहून डागडुजी करावी. तुळईवर साठणारे सुताचे तंतू दर आठवड्याला झाडावेत. रंग कितीही चांगला असला तरी त्यावर बसलेली रुई जळणारच. बिल, डब्यावरचे लेबल आणि परीक्षेचा अहवाल एका फाईलमध्ये ठेवावा.

कायद्याचीही जाण ठेवावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, तेथे परवानाधारक एजन्सीकडून काम करून घ्यावे लागते आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. नुसता रंग मारून ही जबाबदारी संपत नाही.

रंग धूर थांबवत नाही, मालाच्या गठ्ठ्यांना वाचवत नाही आणि बाहेरून कुलूप लावलेला दरवाजा उघडत नाही. रात्री कारागीर आत असतील तर दाराला बाहेरून कुलूप नसावे. रंगाने मिळालेली पंधरा-वीस मिनिटे उघडा दरवाजा असेल तरच उपयोगी पडतील.

मदीनेत एकदा रात्री एक घर माणसांसह जळाले. ही खबर मिळाल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझविण्याची ताकीद दिली, असे सहीह बुखारीत आले आहे. तेव्हा शत्रू दिव्याच्या वातीत होता. आज तो सैल वायरीत, गरम इस्त्रीत आणि रात्रभर चालू राहिलेल्या मशीनमध्ये आहे. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली मुले आपल्या भरवशावर आपल्या माळ्यावर झोपतात. त्यांच्या आईवडिलांनी ती आपल्याकडे अमानत म्हणून सोपवली आहेत. या आठवड्यात प्रत्येक कारखानदाराने रात्री एकदा माळ्यावर जावे, दिवा बंद करावा आणि तेथून बाहेर पडण्याची वाट स्वतः चालून पाहावी. कोठे लाकूड आहे, कोठे माल आडवा येतो, कोठे कुलूप आहे, हे तेथेच दिसेल. रंगाचे बजेट त्यानंतर मांडावे.